चार सेकंदांचा फोटो

१

मुख्याध्यापक इशेनबेक आगाय कधी वर्गाच्या दाराशी उभे राहून बोलत नसत. काही सांगायचं असलं की शिपायाला धाडायचे, नाहीतर भोंग्यावरून ओरडायचे. त्या दिवशी मात्र ते सकाळी नऊच्या आधीच कॉम्प्युटरच्या खोलीपाशी येऊन थांबले होते. डोक्यावरची टोपी हातात होती आणि तिचा काठ ते उगाच चिमटत होते.

"बुरुल एजेय, जरा इकडे या," ते म्हणाले. या शाळेत बाईंना एजेय म्हणतात आणि गुरुजींना आगाय. वीस वर्षं तोंडात बसलेलं, तरी त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते नीट निघालं नाही.

बुरुल बाहेर आली. हातात पुसणं होतं, खडूची पांढरी बोटं होती.

"तुमच्या खोलीत आज जी माणसं बसणार आहेत ना, त्यांतल्या एकाच्या घरून बातमी आहे."

कसली बातमी, हे विचारायची गरज नव्हती. ती म्हणाली, "कोण?"

"ते विचारू नका. सांगणारी माणसं निघालीत. वरच्या गावाहून यायचंय त्यांना, रस्ता कसा आहे तुम्ही जाणताच. अकरा वाजतील. तोवर कुणाला बाहेर सोडू नका, आणि सगळ्यांचे फोन काढून घ्या. तुमचासुद्धा. मुलांना वाटायला नको की त्यांचेच घेतले."

"घेते."

"शिकवत राहा. नेहमीसारखं," आगाय म्हणाले आणि तिच्या खांद्याकडे हात नेऊन मध्येच मागे घेतला. मग भराभर निघून गेले.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. ज्याचं माणूस गेलं त्याच्याकडे चार वडीलधारी चालत येतात, त्याला बसवतात, मग त्यांतला एकजण तोंड उघडतो. तोवर सगळ्या गावाला ठाऊक असलं तरी त्या एकाला कळू द्यायचं नाही. एकट्याने ऐकलं तर काळीज फाटतं, असं म्हणतात. बुरुलने स्वतः हे काम केलेलं होतं. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या सायराला तिने तीन तास शेवयांची कणीक लाटायला बसवलं होतं, हसवलं होतं, चहा पाजला होता, आणि सायराचा नवरा सकाळीच गेलेला होता. पुढे चाळीस दिवसांनी सायरा एवढंच म्हणाली, "तीन तास माझ्याशी हसत होतीस गं तू."

तिने पुसणं झटकलं आणि ती आत गेली. अकरा मुलं होती.

२

"फोन टेबलावर," ती म्हणाली. "आज नियम म्हणजे नियम."

"एजेय, परीक्षा आहे का?" दाराजवळच्या खुर्चीवरून उलुक ओरडला. या पोराला गप्प न बसायचा शाप होता. "माझ्या फोनात काही नाही हो, दोन मेंढ्यांचे फोटो आहेत."

"मग त्या दोघींना दोन तास विश्रांती दे."

वर्ग हसला. अकरा फोन टेबलाच्या खणात गेले, त्यांच्यावर बुरुलने आपलाही ठेवला आणि खणाला किल्ली लावली. मुलांनी आपापले बंद केले होते. तिचा बंद करायचा राहिला, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही, कारण ती एकेका चेहऱ्याकडे पाहत होती.

कोण असेल? उलुकचा आजोबा महिनाभर दवाखान्यात होता. मागच्या बाकावरच्या नाझिकचा बाप वर खाणीवर कामाला होता आणि तिथून दर वर्षी कुणाची तरी बातमी येतेच. नाझिक सतरा वर्षांची, लहानखुरी, घरात तीन धाकटी भावंडं. बुरुलने मनातल्या मनात तिच्यावर बोट ठेवलं.

तिने फळ्यावर लिहिलं: उघडणे. त्याच्याखाली: आयात करणे.

"फरक काय? कुणी सांगेल? बरं, मीच सांगते. फाइल उघडणं म्हणजे तुम्ही तिच्या घरी जाता. तिचं घर, तिचे नियम. आयात करणं म्हणजे तिला आपल्या घरात घेणं. मग तिला आपल्या ताटात वाढावं लागतं, आपल्या गादीवर झोपवावं लागतं. म्हणून आत घेताना विचारायचं, बाबा, तू कोण, कुठली भाषा बोलतोस, तुझं एक वाक्य कुठे संपतं. न विचारता घेतलं तर काय होतं ते आता बघा."

तिने वर्गाची यादी तक्त्यात आणायला लावली. साधी मजकुराची फाइल, नावं स्वल्पविरामांनी तोडलेली. मुलांनी लिपी न निवडताच 'पुढे' दाबलं, आणि सगळ्यांची नावं प्रश्नचिन्हांनी भरून गेली.

"एजेय, मी नुसता प्रश्न झालो!" उलुक.

"तो तू जन्मल्यापासून आहेस. लिपी बदल."

लिपी बदलली, नावं जागेवर आली. नाझिक मागून हळूच म्हणाली, "एजेय, ओळी बारा आल्या. आम्ही अकरा आहोत."

"शेवटची माझी. आगीच्या नियमांसाठी खोलीत बसणाऱ्या सगळ्यांची यादी लागते, तीच फाइल आहे ही," बुरुल म्हणाली आणि पुढच्या पाठाकडे वळली.

३

पुढचा पाठ तिचा लाडका होता. दर वर्षी पोरं त्यावर खूश व्हायची.

"आता मुद्दाम चूक करू. फोटो घ्यायचा आणि आवाजाच्या प्रोग्रामला सांगायचं, हा आवाज आहे. नावामागची 'जेपीजी'ची शेपटी बघू नकोस, कच्चा माल म्हणून घे."

उदाहरणाचा फोटो आठ वर्षं तोच होता. तिचा मुलगा एल्दियार, तेव्हा चौदा वर्षांचा, याच खोलीत, आता उलुक बसला होता त्याच खुर्चीवर. दोन्ही गालांत बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, कोंबलेले आणि डोळे हसणारे. शाळा सुटली की तो इथे यायचा. आईला सगळे एजेय म्हणतात म्हणून हाही दारातून मान आत घालून आवाज बारीक करून विचारायचा, "एजेय, येऊ का आत?" ती वळूनही न बघता म्हणायची, "ये." रोजचं नाटक होतं ते. आता बावीस वर्षांचा गडी होता, घाटातला बर्फ काढणाऱ्या गाडीवर कामाला. घरी तो आईला अपा म्हणायचा. काल संध्याकाळी फोन होता त्याचा. "अपा, उद्या पाळी संपली की दुपारी येतो जेवायला. कणीक मळून ठेव." तिने सकाळीच मळून ओल्या फडक्याखाली ठेवली होती.

हा फोटो आवाज म्हणून आणला की चार सेकंद तडतड ऐकू यायची, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. चार सेकंद, बस. तिला ती तडतड पाठ होती.

तिने फाइल आणली, स्पीकर लावला. तडतड झाली. पोरं हसली. चार सेकंद झाले आणि आवाज संपला, असं तिला वाटलं. ती खडू घेऊन फळ्याकडे वळली. मागे काहीतरी बारीक घुमत होतं, नळातल्या वाफेसारखं. एप्रिल असूनही शाळेच्या खोल्या तापवणारी वाफ नळांतून चालू होती. तिने लिहायला सुरुवात केली.

"एजेय, येऊ का आत?"

"ये," ती म्हणाली.

वर्ग शांत झाला. मग कुणीतरी खुदकन हसलं.

"एजेय," उलुक म्हणाला, "कुणाला बोलावलंत?"

ती वळली. दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं. ती कॉरिडॉरपर्यंत जाऊन आली. झाडूवालीची बादली होती, तिच्यातल्या पाण्यावर खिडकीचा उजेड होता. बाकी काही नाही.

"तू ऐकलंस का कुणी बोललेलं?" तिने उलुकला विचारलं.

"मला वाटलं कुणी खोकलं," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मस्करी नव्हती.

४

"आता तुम्ही करा," तिने सांगितलं. "आपापला एकेक फोटो घ्या, घरच्यांचा असेल तर उत्तम, आणि ऐका."

पोरं कामाला लागली. बुरुल स्वतःच्या कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर आवाजाची निळी पट्टी होती. ती चार सेकंदांवर थांबायला हवी होती. ती एकेचाळीसपर्यंत गेलेली होती.

तिने फाइलचं वजन पाहिलं. साडेतीनशे किलोबाइट, नेहमीचंच. तारीख आठ वर्षांपूर्वीची. वेग तपासला, तोही तोच. तेवढ्याच दाण्यांत दहापट भाकऱ्या होत नाहीत. मागच्या तुकडीतल्या कुण्या अवलीने फाइलमध्ये घोळ घातला असेल, ती स्वतःला म्हणाली. पण घोळ घातला तर वजन बदलतं, आणि हे तीच पोरांना शिकवते. मग टॅक्सीवाल्यांचा वायरलेस स्पीकरमध्ये घुसला असेल. होतं असं कधीकधी. पण पट्टी पडद्यावर होती, स्पीकरमध्ये नव्हती.

तिने हेडफोन कानाला लावले.

तडतड. चार सेकंद. मग तडतडीच्या खालून एक बाई. ती रडत नव्हती, गात होती. लांब ओढलेली ओळ, शेवटी श्वास तुटून खाली पडणारी. कोशोक होता तो. घरात माणूस गेल्यावर बायका भिंतीकडे तोंड करून म्हणतात तो विलाप.

शब्द कळत नव्हते. तिने सवयीने बाइटचा, म्हणजे फाइलच्या दाण्यांचा, क्रम उलटा करून फाइल पुन्हा आणली. आता थोडं स्वच्छ झालं. "कणीक मळून ठेवली मी..." एवढं लागलं. पुढे खरखर. मग, "हात धुऊन आलास का..." मग कुठेतरी दार आपटल्याचा आवाज, मग बाईने श्वास घेतला, एक ओळ आणखी म्हटली आणि थांबली. शांतता. आणि अगदी शेवटी, जवळून, बारीक केलेल्या आवाजात, "एजेय, येऊ का आत?"

तिने हेडफोन काढून ठेवले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले.

कणीक काय, कुणाच्या घरी मळत नाहीत? या गावात दुपारी प्रत्येक बाईचे हात पिठात असतात. आणि शेवटचा आवाज? एल्दियारने लहानपणी इथे काहीबाही रेकॉर्ड करून ठेवलं असेल, ते मिसळलं असेल. पोरगा खोडकर होताच. हो, तसंच असणार. आणि बाई? तो आवाज कुणाचा, तिला सांगता येईना. ओळखीचा वाटत होता आणि आवडत नव्हता. सायराचा नव्हे. नणंदेचा नव्हे. बुरुलला स्वतःला कोशोक येतच नसे. नवरा गेला तेव्हाही ती भिंतीकडे तोंड करून मुकी बसली होती, आणि सासरची माणसं म्हणाली होती, कॉम्प्युटरवाली बाई, हिला रडायलासुद्धा बटण लागतं.

मग तिच्या मनात जे आलं त्याची तिला नंतरही लाज वाटत राहिली. तिला वाटलं, हा विलाप माझ्या फोटोत चुकून आलाय. तो आहे खोलीतल्या कुणाचा तरी. ज्याचा असेल त्याच्या फोटोत तो स्वच्छ ऐकू येईल, आणि मला कळेल की अकरा वाजता कुणाला धरायचंय.

५

ती एकेका बाकाशी गेली. "बघू, काय आलं?" म्हणत हेडफोन कानाला लावला. उलुकच्या आजोबाचा फोटो, नुसती तडतड. पुढच्याच्या बहिणीचं लग्न, तडतड. कुणाची गाय, कुणाची आई, कुणाचा सैन्यातला भाऊ. तडतड, तडतड, तडतड. तीन सेकंद, पाच सेकंद, जेवढं वजन तेवढेच सेकंद.

सगळ्यात शेवटी नाझिक. तिने बापाचा फोटो घेतला होता, खाणीचं पिवळं शिरस्त्राण घातलेला. बुरुलने हेडफोन लावताना डोळे मिटले.

तडतड. सहा सेकंद. संपलं.

"एजेय, काय शोधताय?" नाझिकने विचारलं.

"काही नाही गं. खाल्लंस का सकाळी?"

"चहा घेतला."

"नुसता चहा? हे घे," म्हणून तिने आपल्या पिशवीतली पावाची लादी तिच्यापुढे ठेवली. नाझिकने ती घेतली पण तोडली नाही. ती बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली. "एजेय, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. बसा ना."

"खडू आहे तो," बुरुल म्हणाली.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. अकरा फोटो झाले. कुणाच्यात काही नव्हतं. तिला एक क्षण हलकं वाटलं. म्हणजे माझ्या फाइलमध्येच काही बिघाड, बाकी काही नाही. ती टेबलाकडे परतली आणि तेवढ्यात खणातून आवाज आला.

घुर्र. थांबला. पुन्हा घुर्र. लाकडाला लाकूड घासल्यासारखा, हट्टी.

"कुणाचा चालू राहिला?" ती म्हणाली.

"माझा बंद आहे," उलुक म्हणाला. "सगळ्यांचे बंद आहेत, एजेय. तुम्ही आमच्यासमोर बंद करायला लावले."

तिने किल्ली लावली, खण चार बोटं उघडला. अकरा काळे पडदे होते. त्यांच्यावर तिचा स्वतःचा फोन थरथरत होता, आणि पडद्यावर नणंदेचं नाव होतं. खाली न उचललेले एकवीस कॉल.

नणंद आज बाजाराच्या दिवशी एवढा फोन कशाला करेल? मेंढी विकली असेल. भांडण झालं असेल. नणंदेला बातमी अशी सांगायची नसते हे कळत नाही का? पण ती जरा उतावळीच. कसली बातमी? कुणाची? तिचं बोट पडद्यापाशी जाऊन थांबलं. इशेनबेक आगायना शब्द दिला होता, अकरापर्यंत कुणी फोन घ्यायचा नाही. तिने खण बंद केला आणि किल्ली फिरवली. ती शब्दाची पक्की होती, एवढंच. असं ती स्वतःला म्हणाली.

६

अकराला पाच कमी असताना कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. सावकाश चालणाऱ्या, एकमेकांसाठी थांबणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची. मुलांनी माना वर केल्या. त्यांनाही कळलं. या गावात त्या पावलांचा अर्थ लहान पोराला कळतो. प्रत्येकाने घरची माणसं मनात मोजली असणार.

बुरुल उठली आणि सरळ मागच्या बाकापाशी गेली. नाझिकच्या मागे उभी राहून तिने मुलीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. कोसळली तर धरता येईल.

"मी आहे हं," ती तिच्या कानाशी म्हणाली. नाझिकने बाकाची कड घट्ट धरली.

आधी आगाय आत आले, जमिनीकडे बघत. त्यांच्यामागे पांढऱ्या उंच टोप्या घातलेले तिघे म्हातारे. सगळ्यात मागे बुरुलचा थोरला भाऊ सादिर, वरच्या गावचा. बुटांना गुडघ्यापर्यंत बर्फाचा चिखल होता.

दादा कशाला आला, तिला वाटलं. नाझिकच्या बापाला तो ओळखत असेल. खाणीवर होता ना पूर्वी.

सादिर बाकांच्या मधून चालत आला. नाझिकसमोर उभा राहिला, पण त्याने नाझिककडे पाहिलं नाही.

"बुरुल," तो म्हणाला, "पोरीच्या खांद्यावरचे हात काढ. तू बस."

तिने हात काढले नाहीत.

"दादा, हिचं कोण?"

"हिचं सगळं ठीक आहे. बस, बाई माझी. एल्दियार आपल्या सगळ्यांच्या आधी निघून गेला. पहाटे. वरून बर्फ आला."

नाझिकनेच तिला धरलं. लहानखुऱ्या त्या मुलीने वळून दोन्ही हातांनी बाईंना कवेत घेतलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं. बुरुल भिंतीकडे वळली. कुणी वळवली नाही, तीच वळली. आणि तोंडातून जे निघालं ते तिने शोधून काढलेलं नव्हतं, तिला ते पाठ होतं.

"कणीक मळून ठेवली मी,
हात धुऊन आलास का रे,
बर्फ काढून वाट केलीस,
कुणासाठी केलीस रे..."

आता तिला कळलं तो आवाज का आवडला नव्हता. स्वतःचा आवाज बाहेरून कुणालाच आवडत नाही. ओळीच्या शेवटी श्वास तुटला, तिथेच तुटला. आता दार आपटेल, तिने मनात म्हटलं, आणि वाऱ्याने कॉरिडॉरच्या टोकाचं दार आपटलं. तिने श्वास घेतला, राहिलेली ओळ म्हटली आणि थांबली.

म्हातारे डोळे पुसत होते. सगळी पोरं उभी होती. सादिरने तिचा दंड धरला. "चल, घरी माणसं जमलीत."

"थांब," ती म्हणाली.

"बुरुल..."

"थांब रे दादा. गप्प राहा सगळे. अजून थोडं राहिलंय."

कुणाला काही समजलं नाही, पण सगळे गप्प राहिले. तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर काळा पडला होता. वाफेच्या नळात टकटक झाली आणि थांबली. बुरुल उघड्या दाराकडे बघत होती. दारात कुणी नव्हतं. तिला वाटलं, माझ्या डोक्यात होतं ते. आई वेडी होते अशा वेळी, एवढंच आहे ते.

दाराजवळच्या खुर्चीपाशी उभ्या असलेल्या उलुकने मान वळवली. त्याला काही ठाऊक नव्हतं. रिकाम्या दाराकडे बघत तो सहज, अदबीने म्हणाला, "कोण आहे? एजेय, हा विचारतोय, आत येऊ का."

आगायांच्या हातातली टोपी खाली पडली. सादिरची पकड तिच्या दंडावर घट्ट झाली. तो बहिणीला नको, नको म्हणून खुणावत होता.

बुरुलने त्याचा हात सोडवला. तो शाळेत होता तोवर रोज ती वळूनही न बघता म्हणायची. या वेळी तिने दाराकडे पूर्ण तोंड केलं.

"ये," ती म्हणाली. "ये बाळा, आत ये."